वाढत्या वयाच्या कथा: पात्र कसे समजून घ्यावे आणि आशय कुठे शोधावा?

पानगळ (धागाकर्ती)

नमस्कार. १३ ते १५ वर्षांच्या मुलामुलींच्या एका लहान गटाबरोबर मी गेली तीन वर्षे दर आठवड्याला एक लघुकथा वाचते. या वर्षी आम्ही मुद्दाम वाढत्या वयाच्या कथा निवडल्या आहेत, म्हणजे ज्यांतले मध्यवर्ती पात्र बाल्य आणि प्रौढपण यांच्यामधल्या उंबरठ्यावर उभे आहे अशा. मुले मन लावून वाचतात आणि वाचताना त्यांचे चेहरे बोलतात. पण वाचन संपल्यावर मी 'या कथेचा आशय काय?' असे विचारले, की फळ्यावर लिहून ठेवलेल्या सुविचारांसारखी वाक्ये येतात. प्रेमचंदांच्या 'ईदगाह' (१९३३) या कथेत हामिद हा गरीब मुलगा ईदच्या जत्रेत खेळणी न घेता आजी अमीनासाठी चिमटा घेतो. ती वाचल्यानंतरची उत्तरे अशी होती: 'मोठ्यांची काळजी घ्यावी', 'पैसे जपून खर्च करावेत', 'त्याग करायला शिकावे'. हामिद कसा आहे, याचे उत्तर 'गुणी, समजूतदार, प्रेमळ' असे आले. चार-पाच वर्षांचा हाडामांसाचा मुलगा विशेषणांच्या रांगेत हरवून गेला.

त्या दिवशी गटातली एरवी फारसे न बोलणारी एक मुलगी म्हणाली, "पण त्याला खेळणी हवीच होती ना? तो बघत होता त्यांच्याकडे." तिचे वाक्य ऐकून सगळ्यांनी पुन्हा पुस्तक उघडले आणि पुढचा अर्धा तास आम्ही हामिदची नजर कुठे कुठे जाते एवढेच शोधत बसलो. तो अर्धा तास मला त्या वर्षातला सर्वांत चांगला वाटला. मात्र तो तिच्या प्रश्नामुळे घडला. माझ्या तयारीचा त्यात काही वाटा नव्हता, आणि तसे पुन्हा कसे घडवून आणावे हे मला अजून उमगलेले नाही.

म्हणून येथील जाणत्या वाचकांना दोन प्रश्न विचारते. पात्राकडून आशयाकडे जाताना मध्येच तात्पर्यावर थांबू नये, यासाठी आपण वाचक म्हणून काय करता? आणि दुसरा प्रश्न: वाढत्या वयाच्या कथेत पात्र बदललेच पाहिजे का? माझ्याजवळच्या बहुतेक टिपणांत 'पात्र सुरुवातीला कसे होते आणि शेवटी कसे झाले' असा तक्ता भरायला सांगितलेला असतो. काही कथा त्या तक्त्यात बसतात, काही बसत नाहीत, आणि न बसणाऱ्या कथाच माझ्या मनात जास्त काळ राहतात.

उंबरठा

पानगळ, फार महत्त्वाचा विषय काढलात. पहिल्या प्रश्नापुरते बोलतो.

माझ्या मते विषय, तात्पर्य आणि आशयसूत्र या तीन गोष्टींची सरमिसळ झाल्याने ही अडचण येते. विषय एका शब्दात सांगता येतो: गरिबी, मैत्री, एकटेपणा. तात्पर्याला नेहमी विध्यर्थी क्रियापद लागते. तुमच्या मुलांची तिन्ही उत्तरे पाहा: 'घ्यावी', 'करावेत', 'शिकावे'. वाक्य अशा रूपावर संपले, की आपण कथा सोडून उपदेशाकडे वळलो आहोत हे खुशाल समजावे. आशयसूत्र हे साधे विधान असते. जग असे चालते, माणसे अशी वागतात, एवढेच ते सांगते आणि बहुतेक वेळा त्यात दोन गोष्टींची ओढाताण असते.

'ईदगाह'बद्दल मी असे म्हणेन: गरिबी मुलाला वयाच्या आधी मोठे करते, आणि त्याच्या त्या मोठेपणाचे कौतुक करणाऱ्यांना त्याचे हरवलेले लहानपण दिसत नाही. याला आधार कथेतच आहे. शेवटी निवेदक सांगतो, की लहानग्या हामिदने म्हाताऱ्या हामिदची भूमिका वठवली आणि म्हातारी अमीना लहान मुलगी होऊन रडू लागली. वयांची ही अदलाबदल हेच माझ्या दृष्टीने कथेचे मर्म आहे. त्यात आनंद आहे आणि तितकेच दुःखही आहे. 'त्याग करायला शिकावे' या वाक्यात त्यातले दुःख गळून पडते.

दीपमाळ

विध्यर्थाची कसोटी वहीत उतरवून घेतली आहे. मनापासून आभार.

जुनीवही

उंबरठा यांच्याशी सहमत आहे, परंतु आशयसूत्राकडे जाण्याआधी पात्रापाशी अजून थोडे थांबायला हवे असे मला वाटते. हामिदचा चिमटा हा निव्वळ त्याग आहे का? कथा पुन्हा काळजीपूर्वक वाचली तर त्याच्या मनात एकाच वेळी कितीतरी गोष्टी चाललेल्या दिसतात. पोळ्या भाजताना आजीची बोटे भाजतात हे त्याला आठवते. त्याच वेळी, ज्यांनी आपल्याला मिठाई दिली नाही त्या मित्रांवरचा रागही त्याच्या मनात आहे. आजी दुवा देईल, आपले कौतुक होईल, हे सुखचित्रही तो रंगवतो. दुकानदार आधी सहा पैसे सांगतो, मग पाचवर येतो, आणि हामिद छातीचा कोट करून तीन पैसे म्हणतो. पुढे मित्र हसतात तेव्हा आपला चिमटा त्यांच्या खेळण्यातल्या शिपायापेक्षा आणि वकिलापेक्षा कसा शूर आहे हे तो असे काही पटवून देतो, की सगळे गप्प होतात. त्या वादातला हामिद हट्टी, चतुर आणि अभिमानी आहे. जिंकायला त्याला मनापासून आवडते.

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत सपाट, म्हणजे एकाच गुणाभोवती घडलेली, आणि गोलाकार पात्रे असा भेद केला होता. पात्र आपल्याला पटेल अशा रीतीने चकित करू शकते का, ही त्यांची गोलाकार पात्राची कसोटी होती. वाढत्या वयाच्या कथांना ती विशेष उपयोगी पडते, कारण मुलाचे वागणे त्या वयात त्याला स्वतःलाही चकित करत असते. म्हणून मी गटाला 'हामिद कसा आहे?' असे विचारण्याऐवजी 'हामिदच्या कोणत्या कृतीची तुम्हाला अपेक्षा नव्हती?' असे विचारून पाहीन. पहिल्या प्रश्नाला विशेषणाने उत्तर देता येते. दुसऱ्यासाठी मुलांना पुन्हा कथेत जावे लागेल.

नदीकाठ

मी थोडा विरोधी सूर लावतो, आपण राग मानणार नाही याची खात्री आहे.

तात्पर्याला इतके हीन लेखू नये. १३ वर्षांचे मूल 'मोठ्यांची काळजी घ्यावी' असे म्हणते तेव्हा त्याला कदाचित स्वतःची आजी आठवत असेल आणि तो उमाळा व्यक्त करण्यासाठी त्याच्याजवळ तेवढीच भाषा असेल. आपण त्या वाक्याला चुकीचे ठरवले, तर मूल पुढच्या वेळी वाटलेले सांगण्याआधी आपल्याला काय हवे आहे याचा अंदाज बांधू लागेल. मी स्वतः शालेय वयात एका कथेवर मनापासून लिहिलेले उत्तर 'हे अपेक्षित नाही' असा शेरा मारून परत आले होते. त्यानंतर दोन-तीन वर्षे मी कथांवर स्वतःचे असे एक वाक्यही लिहिले नाही. कथेचे पृथक्करण शिकवताना मुलाचा कथेवरचा विश्वास उडणार नाही एवढे भान आपण ठेवावे, इतकेच माझे म्हणणे आहे.

पानगळ

नदीकाठ, आपला प्रतिसाद वाचून मी थोडा वेळ थांबले. त्या उत्तरांकडे मी 'साचेबंद' म्हणूनच पाहत होते आणि त्यामागे एखाद्याची आजी असू शकेल हा विचार माझ्या मनात आला नव्हता. पुढच्या वेळी मी उत्तर खोडणार नाही, 'हे तुला कोणत्या ओळीपाशी वाटले?' असे विचारीन.

जुनीवही, आपला प्रश्न पुढच्या बैठकीत नक्की वापरते. आम्ही चेखॉव्हची 'वान्का' घेणार आहोत.

सांजवेळ

मला या ठिकाणी रवींद्रनाथांची 'छुट्टी' आठवते. १८९० च्या दशकाच्या आरंभीची ही कथा मी आयुष्यात दोनदा नीट वाचली, एकदा तिच्यातल्या फटिक या मुलाच्या वयाची असताना आणि दुसऱ्यांदा माझा मुलगा त्या वयाचा झाला तेव्हा.

पहिल्या वाचनात मला फटिकचे मरण तेवढे आठवत राहिले. गावातला मुलांचा म्होरक्या, मामाबरोबर शहरात जातो, मामीला नकोसा होतो, शाळेत पुस्तक हरवतो, तापात पावसातून घरी जायला निघतो आणि अखेर आई पोहोचते तेव्हा आपली सुट्टी झाली, आपण घरी निघालो, असे तिला सांगतो. मी रडले होते आणि मामीचा मला अतिशय राग आला होता. त्या वयात आशय विचारला असता तर 'मुलांना प्रेमाने वागवावे' असेच उत्तर दिले असते, आणि उंबरठा यांच्या कसोटीप्रमाणे ते तात्पर्यच ठरले असते.

दुसऱ्या वाचनात पहिल्यांदा न दिसलेल्या तीन जागा दिसल्या. पहिली म्हणजे १३-१४ वर्षांच्या मुलाइतकी अडचणीची गोष्ट जगात दुसरी नाही, असे निवेदक कथेच्या मध्यावर थांबून सांगतो ती. तो शोभेचाही नसतो आणि कामाचाही नसतो, लहानासारखे बोलला तर बालिश ठरतो आणि मोठ्यासारखे बोलला तर आगाऊ. कथेतली माणसे ज्याच्याशी जुळवून घेऊ शकत नाहीत, त्याची बाजू निवेदक एकटा मांडतो. दुसरी जागा शहरात निघतानाची. आदल्या दिवसापर्यंत ज्या धाकट्या भावाशी हाणामारी चालली होती, त्याला फटिक आपला मासे धरायचा गळ आणि पतंग देऊन टाकतो, तेही पिढ्यान्‌पिढ्या उपभोगण्याच्या हक्कासह. किती उदार आणि किती उतावळा मुलगा आहे हा! आणि तिसरी जागा आईची आहे. मुलगा जायला इतका आनंदाने तयार झाला याचे तिला किंचित दुःख होते. पहिल्या वाचनात मी ते वाक्य ओलांडून गेले होते. दुसऱ्यांदा त्याच वाक्यापाशी पुस्तक मिटावे लागले.

आता मला आशय असा वाटतो: मुलगा कुठेच मावत नाही असे एक वय असते, आणि त्या वयातली मायेची भूक बाहेरून उद्धटपणासारखी दिसते. फटिक या कथेत बदलत नाही. त्याच्याभोवतीची जागा मात्र आकसत जाते. पानगळ यांच्या तक्त्यात हे कुठे भरायचे?

मोरपीस

सांजवेळ, आईच्या त्या वाक्यासाठी आज रात्री 'छुट्टी' पुन्हा वाचणार आहे.

मृदगंध

दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. पात्र बदललेच पाहिजे का, यावर मॉर्डेकाय मार्कस यांचा १९६० मधला एक समीक्षालेख मला फार उपयोगी वाटतो. अजाण पात्र जाणतेपणाच्या वाटेवर पहिले पाऊल टाकते अशा कथांचे त्यांनी तीन गट केले. पहिल्या गटातले पात्र उंबरठ्यापर्यंत येते, त्याला धक्का बसतो, पण ते ओलांडून जात नाही. दुसऱ्यातले पात्र उंबरठा ओलांडते, मात्र पलीकडे चाचपडत राहते आणि कथा तिथेच संपते. तिसऱ्यातले पात्र निश्चितपणे समजुतीपर्यंत आणि स्वतःच्या ओळखीपर्यंत पोहोचते.

'आधी कसा, नंतर कसा' हा तक्ता खरे तर केवळ तिसऱ्या गटासाठी केलेला आहे. दीर्घ कादंबरीला तो शोभतो, कारण तिथे वर्षानुवर्षांचा काळ उलगडता येतो. लघुकथेजवळ अनेकदा एकच दिवस किंवा एकच संध्याकाळ असते. एका संध्याकाळीत कोणी मोठे होत नाही. फार तर आपण आता पूर्वीसारखे राहू शकणार नाही, एवढे त्याला कळते, आणि कधी कधी तेही आधी वाचकाला कळते.

म्हणून मी तक्त्यात तिसरा रकाना वाढवला आहे: 'पात्राला जे कळले नाही, पण मला कळले ते काय?' पुष्कळ कथांचा आशय त्या रकान्यात सापडतो.

उंबरठा

मृदगंध यांच्या तिसऱ्या रकान्यासाठी 'वान्का' (१८८६) इतके चपखल उदाहरण दुसरे नसेल. नऊ वर्षांचा वान्का तीन महिन्यांपूर्वी मॉस्कोतल्या एका चांभाराकडे काम शिकायला ठेवला गेला आहे. नाताळच्या आदल्या रात्री, मालक-मालकीण बाहेर गेलेले असताना, तो आजोबांना पत्र लिहितो: मला इथे मारतात, उपाशी ठेवतात, मला घेऊन जा. लिहिता लिहिता त्याला गाव आठवतो, आजोबांचे कुत्रे आठवतात. पत्र पुरे झाल्यावर पाकिटावर तो 'आजोबांना, गावी' असा पत्ता लिहितो, थोडा विचार करतो आणि खाली आजोबांचे नाव घालतो. गावाचे नाव लिहीतच नाही. पत्र पेटीत टाकून तो निर्धास्त झोपतो, आणि आजोबा चुलीच्या ओट्यावर बसून ते पत्र स्वयंपाकिणींना वाचून दाखवत आहेत असे स्वप्न त्याला पडते.

वान्काला काहीही कळलेले नाही. तो बदललेला नाही, उलट सुखी आहे. सगळी जाण आपल्या वाट्याला येते आणि त्याचे सुख जितके मोठे, तितका आपला गळा दाटतो. मुलाच्या आणि वाचकाच्या जाणिवेतले हे अंतर लेखकाने फक्त पत्त्याच्या एका ओळीने निर्माण केले आहे. पानगळ, तुम्ही मुलांना आशय विचारूच नका. पाकीट पुन्हा वाचायला सांगा, आणि ते पोस्टमनच्या हातात पडले तर तो काय करील, एवढेच विचारा.

जुनीवही

पत्त्याबद्दल मान्य. पण मला अधिक अस्वस्थ करणारा प्रश्न पुढचा आहे: पत्र पोहोचले असते तर? आजोबा स्वतः एका जमीनदाराच्या वाड्यावर रात्रीचे राखणदार आहेत. वान्काची आई वारल्यावर मुलाला आधी आजोबांजवळ नोकरांच्या स्वयंपाकघरात आणि तिथून मॉस्कोला पाठवले गेले. त्यांनी तेव्हा त्याला ठेवून घेतले नाही. ठेवून घेण्याची मुभा त्यांना होती का, हेही कथा सांगत नाही. वान्काच्या आठवणीतले आजोबा हसरे आणि मिश्कील आहेत, कुत्र्यांना तपकीर हुंगायला लावणारे. त्या आठवणी खऱ्या आहेत, पण त्यांतून सुटकेची आशा धरणे हे नऊ वर्षांच्या मुलाचे मन आहे.

म्हणजे चुकीचा पत्ता हा वरचा थर झाला. त्याखाली दुसरा थर असा, की जगात ज्याच्याकडे जावे असे घरच उरलेले नाही आणि ते मुलाला माहीत नाही. हे दिसायचे तर केवळ वान्काकडे पाहून भागत नाही, आजोबांनाही पात्र म्हणून पाहावे लागते. वाढत्या वयाच्या कथांत आपण मुलावर इतके लक्ष देतो, की त्याच्याभोवतीची मोठी माणसे आपल्यालाही मुलाच्याच नजरेतून दिसत राहतात.

सांजवेळ

जुनीवही, अगदी खरे आहे. 'छुट्टी'तल्या मामीचा मला मुलीच्या वयात जो राग आला होता तोही असाच. तिच्या घरात आधीच तीन मुलगे आहेत आणि चौथा आणताना तिला कोणी विचारलेले नाही. तिची वागणूक क्षम्य ठरत नाही, पण ती निव्वळ दुष्ट बाई उरत नाही.

अक्षरवेल

चर्चेत एक मुद्दा यायचा राहिला आहे असे वाटते, तो निवेदकाचा. कथा कोण सांगत आहे आणि सांगताना त्याचे वय काय आहे?

जेम्स जॉइस यांच्या 'डब्लिनर्स' (१९१४) या संग्रहात १५ कथा आहेत. बाल्य, किशोरावस्था, प्रौढपण आणि सार्वजनिक जीवन अशा क्रमाने त्या रचल्याचे लेखकाने १९०६ च्या एका पत्रात स्वतः सांगितले आहे. पहिल्या तीन बाल्याच्या कथा तेवढ्या प्रथमपुरुषी निवेदनात आहेत, पुढच्या सगळ्या तृतीयपुरुषी. त्या तिघींतली 'अ‍ॅरबी' घ्या. एक मुलगा मित्राच्या बहिणीला भेटवस्तू आणण्याचे वचन देऊन जत्रेला जायला निघतो. काका उशिरा घरी येतात, तो पोहोचतो तेव्हा दुकाने बंद होत असतात, आणि अंधारात उभे राहून त्याला स्वतःची वेडी आशा दिसते. मात्र ज्या शब्दांत तो हे सांगतो ते शब्द शाळकरी मुलाचे नाहीत. ते बऱ्याच वर्षांनी मागे वळून पाहणाऱ्या मोठ्या माणसाचे आहेत. साहजिकच प्रश्न पडतो, की ही समज त्या रात्री आली, की सांगताना आली? माझ्या मते कथा ते जाणूनबुजून संदिग्ध ठेवते, आणि त्या मुलावर थोडा कठोर न्याय करणारा तो मोठा माणूस हे कथेतले दुसरे, न दिसणारे पात्र आहे.

याच्या अगदी उलट वाट प्रकाश नारायण संतांच्या कथांतल्या लंपन या शाळकरी मुलाची. 'वनवास' (१९९४) पासून पुढच्या सर्व संग्रहांत लंपन स्वतःच बोलतो आणि त्याच्या बोलण्यात मोठ्या माणसाचे शहाणपण कुठेही मिसळलेले नाही. ज्याचे आकलन होत नाही ते त्याच्यासाठी 'मॅड' असते. त्या एका शब्दात कौतुक, भीती, लाज आणि हुरहूर सगळे मावते. मोठा माणूस तिथे चार वाक्ये बोलला असता. लंपनच्या कथेचा आशय शोधायचा तर त्याचे शब्द कुठे अपुरे पडतात त्या जागा शोधाव्या लागतात.

म्हणून मी वाचताना समासात छोटी खूण करतो: हे वाक्य मुलाचे, हे मोठ्याचे. दोन्ही खुणा एका परिच्छेदात आल्या, की तिथे थांबून पुन्हा वाचतो.

नदीकाठ

अक्षरवेल, समासातल्या खुणांची कल्पना अतिशय आवडली. एक जोडतो. 'अ‍ॅरबी'सारख्या कथांच्या प्रभावामुळे अनेक अभ्यासकांना प्रत्येक कथेत साक्षात्काराचा एक क्षण हवा असतो, आणि तो शोधताना बाकीची कथा नुसती पायवाट होऊन जाते. लंपनच्या कथांत ऊन, वास, आवाज, शाळेतली बाके यांवर जो वेळ खर्ची पडतो, तो त्या क्षणाची तयारी म्हणून आलेला नाही. त्या वयाला जग इतके दाटपणे जाणवते, हाच आशयाचा मोठा भाग आहे. मोठे होणे म्हणजे काही नवे कळणे, हे आपण इथे सगळेच गृहीत धरत आहोत. ती जाणवण्याची शक्ती हळूहळू मंदावणे हेही मोठे होणेच आहे.

कोवळेऊन

इथे पहिल्यांदाच लिहीत आहे. मी १७ वर्षांची आहे, त्यामुळे आपण सगळे ज्या मुलांविषयी बोलत आहात त्यांच्याहून फार मोठी नाही.

आपल्या प्रतिसादांत 'हरवलेले लहानपण' पुन्हा पुन्हा आले आहे. मोठी माणसे या कथा मागे वळून वाचतात, म्हणून त्यांना काय हरवले ते आधी दिसते. आम्ही त्या आतून वाचतो. 'ईदगाह' वाचताना मला हामिदचे लहानपण हरवले असे कधीच वाटले नाही. मला वाटले, की याच्याजवळ तीनच पैसे आहेत आणि तरीही काय घ्यायचे ते याने स्वतः ठरवले. मित्रांकडे जास्त पैसे होते, पण त्यांनी मातीची खेळणी घेतली आणि दिवस संपेपर्यंत त्यांतली बहुतेक मोडली. स्वतः ठरवता येणे ही माझ्या वयात फार मोठी गोष्ट आहे. मला त्या कथेत दुःखापेक्षा तो रुबाब जास्त दिसतो, आणि जुनीवही यांनी घासाघीस आणि वादविवाद यांचा उल्लेख केला तेव्हा खूप बरे वाटले.

माझे वाचन चुकीचे असेल तर कृपया सांगावे.

उंबरठा

कोवळेऊन, आपले स्वागत. आपले वाचन अजिबात चुकीचे नाही आणि त्याला कथेत भरपूर आधार आहे. किंबहुना मी पहिल्या प्रतिसादात जे आशयसूत्र मांडले, त्यात हामिद हा ज्याच्या बाबतीत काही घडते असा मुलगा झाला होता. आपल्या वाचनात तो स्वतः काही घडवतो. मी माझे वाक्य बदलतो: गरिबी हामिदला लवकर मोठे करते हे खरे, पण त्या मोठेपणातही आपला निर्णय तो स्वतः घेतो. अमीनाचे रडू मात्र मी त्यातून काढू शकत नाही. ते राहू द्यावे.

कोवळेऊन

हो, अमीना राहायलाच हवी. ती पहिल्यांदा रागावते ना, दुपारपर्यंत उपाशी राहून काय आणलेस म्हणून. मला तिचा तो राग सर्वांत खरा वाटतो.

मृदगंध

या दोघांच्या संवादाने धाग्याचे सार्थक झाले.

पानगळ

काल 'वान्का'ची बैठक झाली. लिहायला थोडा उशीर झाला, क्षमस्व.

आशय हा शब्द मी उच्चारला नाही. आधी जुनीवही यांचा प्रश्न विचारला, कोणत्या कृतीची अपेक्षा नव्हती? एकाने सांगितले, की इतके मारतात तरी तो पळून गेला नाही, पत्र लिहीत बसला. दुसऱ्याने लगेच उत्तर काढून दाखवले: वान्का पत्रातच लिहितो की पायी गावाला पळून जावेसे वाटते, पण पायात जोडे नाहीत आणि थंडीची भीती वाटते. चांभाराच्या घरी राहणाऱ्या मुलाला जोडे नाहीत, हे उच्चारल्यावर गटात एकदम शांतता झाली. मी ही कथा अनेकदा वाचली आहे आणि या दोन गोष्टी मी कधीही शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

मग पाकीट वाचायला सांगितले. मुलांना पत्ता लगेच खटकला आणि काही जण हसलेही. त्या हसण्याला मी अडवले नाही. थोड्या वेळाने अक्षरवेल यांच्या पद्धतीने खुणा करायला सांगितल्या, तेव्हा पत्रातली सगळी वाक्ये मुलाची आणि गावाच्या आठवणी सांगणारी वाक्ये 'दोघांची मिळून' अशी नोंद एका मुलीने केली. ही खूण आपल्यापैकी कोणी सुचवली नव्हती.

शेवटी पोस्टमनचा प्रश्न विचारला. एका मुलाने लिहिले, की पोस्टमन पाकीट उघडून वाचील आणि मग त्याला रात्री झोप येणार नाही. गेल्या महिन्यात 'पैसे जपून खर्च करावेत' लिहिणारा तोच हा मुलगा. एरवी न बोलणारी ती मुलगी मात्र पूर्ण वेळ गप्प होती. निघताना ती माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "त्याने आजोबांचे नाव नंतर लिहिले. म्हणजे त्याला वाटत होते की 'आजोबा' एवढे पुरेल. सगळ्यांना आपले आजोबा माहीत असतात असे वाटण्याचे वय असते ना ते?"

पुढच्या आठवड्यात 'छुट्टी' घेत आहोत. सांजवेळ, आईचे ते वाक्य मी मुलांना आधी दाखवणार नाही.

सांजवेळ

नका दाखवू. कोणाला सापडले तर मात्र येथे जरूर कळवा, आणि कोणालाच सापडले नाही तरीही कळवा.